तळ नसलेल्या पाण्यात: तुब्बताहाच्या कड्यालगतचे सहा दिवस

मी पाण्याखाली जायला शिकलो तो तारकर्लीला, आणि पुढचा अभ्यासक्रम पूर्ण केला तो मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावर. या दोन्ही ठिकाणी काही चुकले तर खाली तळ असतो. वाळूवर गुडघे टेकावेत, श्वास सावरावा आणि पुढे निघावे, अशी सवय मला चाळीसेक डाइव्हमध्ये नकळत लागून गेली होती. फिलिपिन्सच्या सुलू समुद्रातील तुब्बताहाच्या प्रवाळकड्यांवर हीच सवय मला नडली, आणि ती मोडण्यात सहापैकी तीन दिवस गेले.

तुब्बताहा पालावान बेटावरील पुएर्तो प्रिन्सेसा या शहरापासून सुमारे दीडशे किलोमीटर आग्नेयेला आहे. 1988 मध्ये त्याला राष्ट्रीय सागरी उद्यानाचा आणि 1993 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. संरक्षित क्षेत्र 97,030 हेक्टर इतके असले तरी त्यात राहण्याची सोय कुठेही नाही. वाळूच्या पट्ट्यावर रक्षकांचे एक छोटे ठाणे आहे, तेवढीच काय ती मनुष्यवस्ती. समुद्र शांत असतो त्या काळात, म्हणजे साधारण मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, मुक्कामाच्या बोटी तिथे जातात. संध्याकाळी निघालेली बोट दहा-बारा तासांनी, उजाडताना पोहोचते. आजारी पडलात, अपघात झाला, तरी परतीचा रस्ता तेवढाच लांब, ही गोष्ट बोटीवरच्या पहिल्याच बैठकीत आम्हाला दोनदा सांगण्यात आली.

तारखा आम्ही ठरवल्या होत्या त्या कार्यालयातील रजेचा विचार करून. मालवणच्या कोणत्याही मच्छीमाराने आधी तिथी विचारली असती. भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करणारी ती माणसे. आमचे दिवस नेमके चैत्री पौर्णिमेच्या आसपासचे, म्हणजे उधाणाचे निघाले. भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीचा फरक कमी असलेल्या, दिवसांत जे पाणी संथ वाहते, तेच उधाणात कड्याच्या कोपऱ्यांवर धावू लागते. उत्तरेकडील प्रवाळवलयावरच्या एका जागेला ‘वॉशिंग मशीन’ असे नाव का पडले असावे, हे तिथे उडी मारल्यावर कोणाला विचारावे लागत नाही.

अशा ठिकाणी पाण्यात शिरण्याची पद्धतही वेगळी असते. एरवी आपण जॅकेटमध्ये हवा भरून उडी मारतो, पृष्ठभागावर तरंगत सोबत्यांची वाट पाहतो आणि मग सगळे मिळून खाली जातो. प्रवाहात एवढा वेळ तरंगलात तर कडा मागे पडतो. म्हणून जॅकेट पूर्ण रिकामे करून, डिंगीच्या, म्हणजे मोठ्या बोटीसोबतच्या छोट्या होडीच्या, दोन्ही कडांवरून सर्वांनी एकाच वेळी पाठमोरी उडी घ्यायची, थेट डोके खाली करून उतरायचे आणि दहा मीटरवर एकत्र यायचे. हे मला पहिल्याच प्रयत्नात जमले, आणि त्याचा मला जरा जास्तच आनंद झाला.

त्यानंतरची दहा मिनिटे अप्रतिम होती. कड्यावर माणसाहून रुंद समुद्रपंखे पसरलेले, मोकळ्या निळ्या बाजूला जॅक माशांचा थवा, त्याच्या खालून चार-पाच करडे शार्क आपल्याकडे पाहतही नाहीत अशा थाटात चाललेले. पोहावे लागतच नव्हते. कडा आपसूक सरकत होता आणि मी तो चालत्या एसटीच्या खिडकीतून पाहावा तसा पाहत होतो. चूक नेमकी इथेच झाली. डावीकडे कडा, उजवीकडे निळे पाणी आणि खाली आणखी गडद निळे पाणी असले की आपण आडवे चाललो आहोत की तिरपे खाली, हे शरीराला समजत नाही. शिवाय थोडे खाली गेले की जॅकेटमधली हवा आकसते, तरंगण्याचा आधार कमी होतो आणि माणूस आणखी वेगाने बुडतो. मनगटावरचा कॉम्प्युटर किणकिणला तेव्हा मी 31 मीटरवर होतो, गाइड माझ्या बराच वर होता, आणि माझ्या टाकीत 32 टक्के प्राणवायूचे नायट्रॉक्स, म्हणजे साध्या हवेपेक्षा जास्त प्राणवायू असलेले मिश्रण, होते, ज्याची सुरक्षित मर्यादा सुमारे 33 मीटर. माझे बुडबुडे वर जाण्याऐवजी चेहऱ्यासमोर घुटमळत होते, त्यातले काही तर चक्क खाली निघाले होते. पाणी खाली ओढत असल्याची याहून स्पष्ट खूण नसते.

तळ शोधण्याची जुनी सवय अशी की, त्या क्षणीही मी खाली पाहिले.

पत्नीने पायातले फिन धरून मला वर खेचले, जॅकेटमध्ये थोडी हवा घालायला लावली आणि कड्यापासून दूर, मोकळ्या पाण्याकडे नेले. तिथे ती ओढ एकदम सैल झाली. वर येताना पाच मीटरवरच्या तीन मिनिटांच्या थांब्यावर मी खुणेचा नारिंगी फुगा सोडायला घेतला आणि रिळाची दोरी माझ्याच शिटीच्या कडीत अडकली. फुगा मला वर ओढू लागताच रीळ सोडून देण्याइतकी अक्कल शिल्लक होती. मग हिने आपला फुगा सोडला. डिंगी तोवर दुसऱ्या गटाच्या मागे गेलेली असल्याने आम्ही पंधरा मिनिटे लाटांवर बसून काढली. पुण्याच्या जलतरण तलावात साडेतीन मीटरवरून दोनदा फुगा सोडला होता, त्यालाच मी सराव समजत होतो.

“अरे, मी दोन मिनिटं खुणा करत होते, तू माशांकडेच बघत होतास,” ती डिंगीत चढल्यावर म्हणाली.

आमच्या गाइडला बोटीवरचे सगळे ‘कुया’ म्हणत, म्हणजे आपल्याकडचे ‘दादा’. त्याने रात्री मला फार बोल लावला नाही. कडा पाहू नका, मला पाहा, माझ्या डोक्याच्या वर राहा, आणि मी तुमच्या डोळ्यांच्या रेषेच्या वर दिसू लागलो की ताबडतोब हवा घाला, पण एका दमात भसकन नव्हे, चिमूट चिमूट, एवढेच त्याने सांगितले. दुसऱ्या दिवसापासून मी तसे करू लागलो. त्यातले पहिले दोन दिवस मासे जवळजवळ पाहिलेच नाहीत. दहा श्वासांमागे एकदा मनगट आणि एकदा गाइड, असा हिशेब चालू होता. इतक्या खर्चाच्या प्रवासात हे कंटाळवाणे वाटले, हे खोटे कशाला सांगू. रोज दुपारी मी डेकवर बसून दोरी सोडवायचा आणि पुन्हा गुंडाळायचा सरावही करत असे, आणि शिटी मी दुसऱ्या खांद्यावर हलवली.

चौथ्या दिवशी ‘शार्क एअरपोर्ट’ नावाच्या जागी, जिथे वाळूच्या उतारावर पांढऱ्या टोकाचे शार्क विसावतात आणि एकामागून एक उडतात, मी मनगटाकडे न पाहता खोलीचा अंदाज केला: 18 मीटर. कॉम्प्युटरवर 18.6 होते. कान, श्वासाचा जडपणा, फुगत-आकसत जाणारे जॅकेट यांतून खोली कळू लागली होती.

शेवटच्या दिवशी फुगा सोडायचे काम कुयाने मुद्दाम माझ्याकडे दिले. दोरी शरीरापासून हातभर दूर धरली, फुग्याच्या तोंडात एक उच्छ्वास सोडला, रीळ बोटांत गरगर फिरले आणि वर निळ्यात तो फुगा उभा राहिला. मी वर आलो तेव्हा डिंगी वीस हातांवर होती. नावाड्याने आधी वजनाचा पट्टा मागितला, मग टाकी, सगळ्यात शेवटी फिन.