तुम्ही विचारलंत म्हणून: मराठी शाळेत घातलं तर मूल जगात मागे पडेल का?

शाळाप्रवेशाचे दिवस आले की हा प्रश्न येतोच. विचारणारे आईबाबा हिंजवडीत संगणकावर काम करणारे असोत की धायरीत रिक्षा चालवणारे, काळजी तीच असते: मराठी माध्यमात घातलं तर पुढे कंपनीत, परदेशात मुलाचं अडेल का?

सहसा माध्यमामुळे अडत नाही. तिसरी संपली तरी एकाही भाषेत समजून वाचता येत नसेल, तर मात्र पुढे सगळंच अडतं. पुण्यातल्या गल्लोगल्लीच्या स्वस्त इंग्रजी शाळांबद्दल मला खरी भीती वाटते ती याचीच. तिथून बाहेर पडणाऱ्या अनेक मुलांची मराठी अर्धवट राहते आणि इंग्रजीही अर्धवटच राहते.

हे कसं होतं ते सांगते. घरी मराठी, शाळेत इंग्रजी. बालवर्गात मूल इंग्रजी कविता म्हणतं, 'मे आय कम इन' म्हणतं, घरचे खूश होतात. पण बोलण्यापुरती भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत मोठा फरक आहे. जिम कमिन्स या भाषाशिक्षणाच्या अभ्यासकाने तो मांडला: नव्या भाषेत बोलणं साधारण २ वर्षांत जमतं, त्याच भाषेत विचार करून शिकायला ५ ते ७ वर्षं लागतात. त्यांनी पाहिलेली मुलं तर शाळेबाहेरही इंग्रजी ऐकणारी होती. आपल्याकडे शाळा सुटली की इंग्रजी संपतं. मग चौथी-पाचवीत बाष्पीभवनाचा धडा आला की बाई समजावतात हिंदी-मराठीत आणि उत्तर उतरवून देतात इंग्रजीत. मूल ते पाठ करतं, परीक्षेत तोच प्रश्न येतो, गुण मिळतात. प्रश्न थोडा फिरवून विचारायला लागतात तेव्हा, म्हणजे सातवी-आठवीत, गुण कोसळतात आणि दोष मुलाच्या आळसावर जातो.

म्हणून शाळा बघायला जाल तेव्हा इमारत नंतर बघा. आधी चौथीच्या चार-पाच मुलांच्या परिसर अभ्यासाच्या वह्या मागा. सगळ्यांची उत्तरं शब्दशः सारखी असतील, तर त्या वर्गात फळ्यावरून उतरवणं चालतं. माध्यम कोणतंही असो, ही खूण सहसा चुकत नाही.

घरी तपासायचं तर पंधरा मिनिटं पुरतात. मुलाने न वाचलेलं, त्याच्या इयत्तेपेक्षा एक इयत्ता खालचं पुस्तक घ्या. साधारण शंभर शब्दांचा उतारा मोठ्याने वाचू द्या, मध्ये दुरुस्त करू नका, चुका फक्त मोजा. पाचपर्यंत ठीक. दहाच्या वर गेल्या तर पुस्तक त्याला जड आहे. मग तीन प्रश्न विचारा: एक उताऱ्यात सरळ सापडणारा, एक 'का' असा, आणि एक 'तू तिथे असतास तर काय केलं असतंस' असा. पहिला येतो आणि दुसरा येत नाही, याचा अर्थ मूल अक्षरं वाचतंय, मजकूर वाचत नाही. 'निपुण भारत' या केंद्र सरकारच्या वाचन-गणिताच्या मोहिमेने तिसरीसाठी मिनिटाला किमान ६० शब्द, तेही अर्थासह, असं उद्दिष्ट ठेवलंय. मराठीत वेग अडतो तो बहुतेक वेळा जोडाक्षरांशी आणि रफाराशी. तेवढंच वेगळं काढून रोज दहा मिनिटं घ्या, महिन्याभरात फरक दिसू लागतो.

मातृभाषेतून शिकवण्याचा आग्रह आता धोरणातही आहे. शिक्षणहक्क कायदा शक्य तिथे मातृभाषा म्हणतो, २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत म्हणतं. पण त्याने मराठी शाळेतलं इंग्रजी आपोआप सुधारत नाही, आणि पालकांची तक्रार इथे अगदी खरी आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी दहावी झालेलं मूल दोन वाक्यं बोलायला कचरतं. कारण इंग्रजीचा तास स्पेलिंग आणि भाषांतरात जातो; कानावर भाषा पडतच नाही. आधी ऐकणं, मग बोलणं, मग वाचणं, हा क्रम ठेवा. रोज वीस मिनिटं एकच छोटी गोष्ट तीन-चार दिवस ऐकवा, चित्रांवरून बोलू द्या, मग तेच पुस्तक हातात द्या. पुस्तकांसाठी खर्च फार नाही. अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं मिळतात, टाकाऊतून विज्ञान-खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर मराठी-इंग्रजी दोन्ही फुकट आहेत. एकच गोष्ट दोन्ही भाषांत मिळाली तर सोनं. दुसरीतिसरीपासून रोज स्वतःच्या मनाने तीन ओळी लिहायला लावा, आणि एका वेळी एकाच प्रकारची चूक दाखवा. सगळी पानं लाल केली की मूल लिहिणंच सोडतं.

सेमी-इंग्रजी, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकी विषय मराठीतून, हा मधला मार्ग चांगला आहे, पण घाई नको. गणितात एक खरी अडचण येते: 'पंचवीस'मध्ये एकक आधी येतो, 'ट्वेंटी फाइव्ह'मध्ये दशक, म्हणून पाचवीत माध्यम बदललं की ऐकून लिहिताना आकडे उलटे पडतात. पहिला महिना फक्त संख्यावाचनाला द्या.

सगळ्यात मोठा खड्डा दहावीनंतर आहे, कारण अकरावी विज्ञान इंग्रजीतूनच चालतं. त्याची तयारी आठवीपासून हवी. वहीत तीन रकाने: मराठी संज्ञा, इंग्रजी संज्ञा, स्वतः काढलेली आकृती किंवा उदाहरण. आठवड्याला दहा संज्ञा पुरे. शिवाय 'एक्सप्लेन', 'कंपेअर', 'डिराइव्ह', 'जस्टिफाय' या प्रश्नांतल्या क्रियापदांना नेमकं काय लिहायचं, हे उदाहरणासकट शिकवा. हुशार मराठी मुलांचे गुण अकरावीत जातात ते अनेकदा इथेच. दहावीनंतरच्या सुट्टीत क्लासआधी नववी-दहावीची इंग्रजी माध्यमाची विज्ञानाची पुस्तकं वाचून काढावीत. आशय माहीत असतो, फक्त भाषा नवी असते, त्यामुळे ती वेगाने अंगात मुरते.

मग इंग्रजी माध्यम कधी? घरात आई किंवा बाबा रोज इंग्रजी सहज बोलतात-वाचतात, नोकरीमुळे दर दोन वर्षांनी राज्य बदलतं, किंवा जवळची मराठी शाळा खरोखरच वाईट आहे, तेव्हा मी इंग्रजीच सुचवते. आणि मूल आधीच इंग्रजी शाळेत पाचवीत असेल तर घाबरून मध्येच काढू नका. घरी मराठी वाचन सुरू करा, प्रत्येक धडा आधी मराठीत बोलून घ्या, मग तो इंग्रजीत पुस्तक मिटून सांगायला लावा. सांगता आला नाही, तर उत्तर पाठ करायला देऊ नका, धडा पुन्हा मराठीतून घ्या.