लाल टोपीची सिरिंज

सकाळचे सव्वासात. सलग तिसरी नाइट संपत आली होती. फिमेल वॉर्डात ३४ पेशंट आणि आम्ही दोघी सिस्टर. शुगर तपासून झाल्या होत्या, नाश्त्याआधीचं इन्सुलिन द्यायचं होतं.

कोपऱ्यातल्या आजींचा डोस १२ युनिट. इन्सुलिन त्यांच्या मुलाने बाहेरून आणून दिलं होतं. मी ट्रेमधली लाल टोपीची सिरिंज घेतली, १२ च्या रेघेपर्यंत भरली, टिचकी मारून बुडबुडा काढला. "टोचा बाई लवकर, चहा गार होतोय," म्हणत आजींनी दंड पुढे केला.

"थांब गं. व्हायल बघू," मागून ताई म्हणाल्या.

व्हायलवर, म्हणजे औषधाच्या बाटलीवर, १०० लिहिलं होतं, म्हणजे एका मिलीत १०० युनिट. लाल टोपीची सिरिंज ४० च्या इन्सुलिनची. १०० ची टोपी नारिंगी. आमच्या साठ्यात ४० चंच असतं, म्हणून माझ्या डोळ्यांनी तेच वाचलं. लाल सिरिंजवरची १२ ची रेघ म्हणजे ०.३ मिली. १०० च्या व्हायलमधलं तेवढं औषध म्हणजे ३० युनिट, अडीचपट. आजी सत्तरीच्या, चणीने एवढ्याशा. शुगर उतरली असती, घाम फुटून बेशुद्ध पडल्या असत्या, कदाचित त्याहून वाईट. माझे हातपाय गळाले.

सकाळच्या पाळीला ओव्हर दिल्यावर, म्हणजे वॉर्ड सोपवल्यावर, ताईंनी एकच विचारलं, "काल किती झोपलीस?"

साडेतीन तास. घरी जाऊन स्वयंपाक, कपडे, मग पडल्या पडल्या मोबाइल, आणि साडेतीनला मुलगी शाळेतून यायची. रात्रभरात पाच कप चहा, शेवटचा पहाटे पाचला. चहातल्या कॅफिनपैकी निम्मं पाच-एक तासांनंतरही अंगात असतं, हे नर्सिंगला शिकले होते. स्वतःला कधी लावलंच नव्हतं.

नाइटच्या सिस्टरची झोप ही तिची घरगुती बाब नाही, पेशंटच्या औषधाइतकीच ती वॉर्डाची बाब आहे, असं मी त्या दिवसापासून मानते.

बदल किरकोळच केले. रात्री एकनंतर चहा बंद. डबा अकराच्या आत. ताईंशी ठरवून, वॉर्ड शांत असेल तर आळीपाळीने वीस मिनिटं डोळे मिटायचे. त्याहून जास्त झोपलं की उठल्यावर डोकं जड होतं. घरी जाताना काळा गॉगल, कारण सकाळचं ऊन डोळ्यांत गेलं की शरीर दिवस उजाडला असं समजतं. शरीरातल्या या घड्याळावरच्या संशोधनाला २०१७ चं नोबेल मिळालंय.

सगळ्यात अवघड होती खिडकी. माझी खोली पूर्वेची. सासूबाईंनी जुन्या काळ्या छत्रीचं कापड उसवून त्याचा दुहेरी पडदा शिवला, बाजूंना चिंध्या कोंबल्या. "आधी झोप, पोळ्या मी बघते," म्हणाल्या. मोबाइल त्यांच्याकडे.

पहिला आठवडा कुशी बदलण्यात गेला. तिसऱ्या आठवड्यात सलग सहा तास झोप लागली. त्यानंतरच्या नाइटला पहाटे चारला ड्रिपचे थेंब मोजत होते आणि लक्षात आलं, आकडा मध्येच विसरत नाहीये. मुलीवर खेकसणंही कमी झालंय. हे तिनेच सांगितलं.

आता इन्सुलिन भरण्याआधी आम्ही दोघी मोठ्याने वाचतो. मी म्हणते, "व्हायल चाळीस." ताई म्हणतात, "टोपी लाल." मग सुई आत.