कोणता बेडूक कोणाचा?

बडोद्याहून मावशीचा फोन आला की प्रश्न ठरलेला. "अगं, बेडकाला नंबर कशाला? सगळे सारखेच तर दिसतात." पावसाळ्यात दांडिया बाजारातल्या घरापर्यंत बेडकांचा आवाज ऐकत वाढलेल्या माणसाला असं वाटणारच. इंग्लंडमधल्या एका प्राणिसंग्रहालयात मी उभयचर सांभाळते. फोनवर नीट सांगून होत नाही, म्हणून लिहितेय.

माउंटन चिकन हा बेडूक कॅरिबियनमधल्या डॉमिनिका आणि मॉन्टसेराट या दोनच बेटांवर उरला होता. वजन किलोपर्यंत जातं. लोक चवीने खात. डॉमिनिकात २००२ साली कायट्रिड बुरशी पोचली, मॉन्टसेराटवर २००९ साली. ती कातडीत वाढते, आणि बेडूक पाणी पितो ते कातडीनेच. बघता बघता बेडूक मरत गेले, बेटं ओस पडली. मॉन्टसेराटवरून २००९ मध्ये ५० बेडूक उचलून जर्सी बेट, लंडन आणि स्वीडनला नेले.

इतक्या थोड्यांतून वंश चालवायचा तर सख्ख्या भावंडांची जोडी लागता कामा नये. त्यासाठी आधी कोण कोणाचं हे कळायला हवं.

मोठ्या बेडकाच्या पाठीत तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप टोचतात. तिच्यात बॅटरी नसते. स्कॅनर जवळ नेला की त्याच्याच लहरींवर ती नंबर सांगते. बेडकाची कातडी सैल, खाली पोकळी, त्यामुळे चिप सरकते, कधी टोचलेल्या भोकातूनच बाहेर पडते. म्हणून ते भोक खास गोंदाने बंद करतात. प्रत्येक बेडकासाठी हातमोजे नवे, नाहीतर आपणच बुरशी पसरवायचो. चिमुकल्यांना चिप झेपत नाही. त्यांच्या कातडीखाली रंगीत सिलिकॉनची बारीक रेघ सोडतात, निळ्या उजेडात ती चमकते.

पूर्वी खूण म्हणून बोटांची टोकं कापत. मला ते कधीच पटलं नाही. शिवाय न्यूटचं, म्हणजे बेडकाच्या शेपटीवाल्या भाऊबंदाचं, बोट पुन्हा उगवतं, मग खूण कसली? इथल्या तळ्यांतल्या ग्रेट क्रेस्टेड न्यूटच्या पोटावरचे काळे डाग प्रत्येकाचे वेगळे असतात. फोटोवर काम भागतं. जिथे फोटो पुरतो तिथे सुई लावूच नये, असं माझं ठाम मत आहे.

माउंटन चिकनची मादी बिळात फेसाचं घरटं करते आणि पिल्लांना आपलीच अफलित अंडी खाऊ घालते. कोणती मादी किती वेळा येते, तिची पिल्लं कोणती, हे नंबराखाली लिहून ठेवलं तरच तिच्या लेकींना पुढे कोणता नर द्यायचा ते ठरवता येतं. मावशी, म्हणून नंबर.