आजोबांचे दशावतारातले फोटो

आजोबा दशावतारी कंपनीत, म्हणजे कोकणातल्या लोकनाट्याच्या मंडळीत, स्त्रीपार्ट करायचे. वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या घराच्या ओटीवर त्यांचा शालू नेसलेला फोटो होता. नवीन पाहुणा हमखास विचारायचा, ही कोण? आजी सरळ सांगायची, "ह्यो माजो घोव." म्हणजे, हा माझा नवरा.

बाबा गेल्यावर तो फोटो आणि ट्रंकेतले बावीस फोटो माझ्याकडे आले. ओटीवरच्या फोटोची एक बाजू काचेला चिकटली होती, म्हणून तो एका फोटोच्या दुकानात दिला. तिथल्या माणसाने काच ओढून वेगळी केली आणि आजोबांचा डावा गाल काचेवरच राहिला. ती काच तो टाकून देणार होता. मी मागून घेतली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मग वाचायला लागले. जुन्या फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. आपल्या पावसाळ्यातल्या दमट हवेत तो मऊ पडतो, काचेला धरतो आणि सुकला की गोंदासारखा बसतो. असा फोटो कधीही ओढू नका. फ्रेम केलेल्या बाकीच्या तीन फोटोंचे मागचे खिळे आणि पुठ्ठा तेवढा काढला आणि काचेसकट स्कॅन केले. शालूच्या फोटोची काचही वेगळी स्कॅन करून गाल संगणकावर जागेवर बसवला. सांधा दिसतो, पण डोळ्यांतला भाव परत आला.

सुटे फोटो ६०० डीपीआयने (म्हणजे इंचाला ६०० ठिपके), अगदी लहान होते ते १२०० ने, टिफ या तपशील न गमावणाऱ्या फाइलमध्ये स्कॅन केले. पाठीमागची बाजूही स्कॅन केली, कारण काहींवर पेन्सिलीने गावाचं नाव होतं. काळ्या भागावर आरशासारखी चकाकी आली होती. ती फोटोतलीच चांदी वर आलेली असते, पुसायची नाही. धूळ मऊ ब्रशने काढली आणि फोटो आम्लविरहित कागदाच्या पाकिटांत घालून सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवले. चिकट पानांचे अल्बम तर यासाठी वाईटच.

खरं काम पुढे होतं: कुणी कुणाचं सोंग घेतलंय ते ओळखणं. तीन फोटोंत काळ्या चेहऱ्याचं एक पात्र होतं. मी बेधडक 'संकासूर', म्हणजे दशावतारातला असुर, असं लिहून ठेवलं होतं. कुडाळकडच्या राजाच्या भूमिका करणाऱ्या एका म्हाताऱ्या राजपार्टी नटाला ते दाखवले. त्यांनी चष्मा पुसला, फोटो खिडकीकडे धरला.

"संकासुराचा तोंड दिसता खंय? तेचा बुरख्यात असता. ह्यो राकस. तोंडार तांबडो रंग आसा."

तांबडा! घरी येऊन शोधलं तेव्हा उलगडलं. पूर्वीच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे, तो काळा उमटे. निळा मात्र फिकट येई. म्हणजे आजोबांच्या कपाळावरचं काळं कुंकू, काळपट ओठ, सगळं पुन्हा नव्या डोळ्यांनी बघायला हवं होतं. रंग ज्यांनी अंगावर वागवले तीच माणसं ते सांगू शकतात, आणि ती आता थकलीत.

त्या राजपार्टी नटांनीच आणखी एक सांगितलं. रात्रीच्या गॅसबत्तीत फोटो निघणं कठीण, म्हणून पहाटे दहीहंडी फुटून धयकालो, म्हणजे दशावताराचा खेळ, संपला की देवळासमोर उभं करत. म्हणूनच या फोटोंतलं काजळ ओघळलेलं आहे. रात्रभर जागून नाचलेले चेहरे आहेत ते. मोठं करून बघितलं तर आजोबांच्या बांगड्यांच्या वर शेतकऱ्याचं रुंद मनगट दिसतं, नखांत माती दिसते. फ्रेमच्या पट्टीखाली झाकलेल्या एका कडेला फुलं वाहिलेला पेटारा निघाला. खेळाआधी ज्याची पूजा होते तोच, आणि आम्हाला इतकी वर्षं माहीतच नव्हता.

अजून सहा फोटोंतली पात्रं अनोळखी आहेत. तुळशीचं लग्न झालं की जत्रा सुरू होतील. मोठ्या प्रिंट काढून ठेवल्यात. खेळ सुरू व्हायच्या आधी, रंग लावायला बसलेल्या जुन्या नटांच्या शेजारी जाऊन बसणार आहे.