चिकाशी वागताना

बागेत काम करणारा माणूस काट्याला जपतो, कारण काटा समोर दिसतो. चिकाची दखल मात्र त्वचा चुरचुरू लागल्यावरच घेतली जाते. शेराची किंवा पॉइन्सेटियाची फांदी कापली की छाटलेल्या टोकावर पांढरा थेंब लगेच फुगून येतो, कारण झाडाने तो चीक आतल्या बारीक नलिकांत दाबाखाली साठवून ठेवलेला असतो. मग तो थेंब कात्रीच्या सांध्यात शिरतो, तिथून बोटांवर उतरतो आणि सुकला की रबरासारखा पातळ पापुद्रा होऊन असा चिकटतो, की नुसत्या पाण्याला तो दाद देत नाही. म्हणून चीक ओला असतानाच साबण लावून हात धुणे उत्तम. सुकलाच, तर आधी थोडे तेल चोळून मग साबण वापरावा.

हातमोजे घातले म्हणजे झाले, असे वाटते खरे, पण सुती मोजा चीक शोषून घेतो आणि तासभर त्वचेशी धरून ठेवतो, तेव्हा त्यापेक्षा उघडा हात परवडला. नायट्रिलचे, म्हणजे एका कृत्रिम रबराचे, लांब मोजे बरे. उंचावरची फांदी छाटताना चीक हातावरून ओघळून मोज्याच्या आत उतरतो, एवढ्यासाठी मोज्याची कड बाहेर दुमडून ठेवावी. आणि एवढे सगळे करून आपण त्याच मोज्याने कपाळावरचा घाम पुसतो! युफोर्बियाचा (शेर आणि पॉइन्सेटिया याच गटातले) किंवा रुईचा चीक डोळ्यात गेला, तर दुखणे पुढच्या काही तासांत वाढतही जाते. अशा वेळी वाहत्या पाण्याने निदान 15 मिनिटे डोळा धुवावा आणि वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. छाटणीच्या वेळी साधा चष्मा लावलेला असला, तरी पुष्कळ निभावते.

सताप, अंजीर आणि लिंबू यांची तऱ्हा निराळी. त्यांच्या रसातील फ्युरानोकूमरिन ही द्रव्ये त्वचेवर असताना ऊन लागले, तरच भाजल्यासारखे चट्टे आणि फोड उठतात, तेही बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. तोवर झाडाची आठवण राहिलेली नसते आणि दोष बिचाऱ्या नव्या साबणाच्या माथी येतो. मागे उरणारे काळपट डाग कित्येक महिने रेंगाळतात. ही झाडे ऊन उतरल्यावर छाटावीत, हे माझे ठाम मत आहे. आंबा आणि बिब्बा यांच्या बाबतीत प्रश्न ॲलर्जीचा असतो, म्हणजे आजवर काही झाले नाही हा पुरावा तिथे कामाचा नाही.

काम संपल्यावर मोजे मनगटाकडून उलटे करून काढावेत, अंगातले कपडे वेगळे धुवावेत आणि कात्रीची मूठ तेवढी विसरू नये, कारण उद्या ती मोज्यांशिवायच उचलली जाणार असते.