धोक्याचा दिवस

आमच्या शाळेतले प्रॉक्सीचे रजिस्टर निळ्या पुठ्ठ्याचे आहे आणि त्याच्या कोपऱ्याला सुतळीने एक बॉलपेन बांधलेले आहे, म्हणजे सही करताना पेन नसल्याची सबब कोणाला सांगता येऊ नये. ज्या दिवशी माझा चौथा तास मोकळा असतो, त्या दिवशी तिसरा तास संपता संपता हे रजिस्टर घेऊन शिपाईकाका वर्गाच्या दारात उभे राहतात, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचे ओशाळे हसू पाहूनच मला कळते की कोणीतरी रजेवर आहे व त्या कोणाच्या तरी आठवी ब मध्ये आता मला जायचे आहे. बडोद्यात गणित शिकवण्यात माझी २६ वर्षे गेली. या काळात मोकळा तास खरोखर मोकळा मिळाला असे दिवस मोजायला बसले, तर बेरजेत हातचा घेण्याची वेळ येणार नाही.

स्टाफरूममध्ये सयाजीराव महाराजांची तसबीर आहे. अमरेली भागात १८९३ मध्ये प्रयोग करून पाहिल्यावर १९०६ मध्ये त्यांनी सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, हे आम्ही मुलांना अभिमानाने सांगतो. मात्र मुलांना सक्तीने वर्गात बसवायचे म्हटले की त्यांच्यासमोर सदैव कोणीतरी उभे असलेच पाहिजे, हे ओघाने आले. त्यामुळे प्रॉक्सीचे मूळ मी, महाराजांबद्दल पूर्ण आदर राखून, थेट तिथपर्यंत नेऊन भिडवते.

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस हा या रजिस्टराचाही सुट्टीचा दिवस असतो. गुजरातमध्ये शाळांना दिवाळीची सुट्टी २१ दिवसांची मिळते, आणि त्या सुट्टीच्या उंबरठ्यावर, मुलांना लवकर सोडल्यानंतर, आमच्याकडे कर्मचाऱ्यांचे दिवाळीमिलन होते. वर्गणी गोळा करण्यापासून कार्यक्रमपत्रिकेपर्यंतचे सगळे काम गेली कित्येक वर्षे माझ्याकडे आहे, आणि गणिताची शिक्षिका असल्यामुळे मी ती पत्रिका मिनिटांत आखते. ११ वाजता दीपप्रज्वलन, ११ वाजून ५ मिनिटांनी प्रार्थना, त्यानंतर आचार्यबाईंचे, म्हणजे मुख्याध्यापिकांचे, मनोगत, जे पत्रिकेत १० मिनिटांचे असते; मग रांगोळ्यांचे परीक्षण, अंताक्षरी, चिठ्ठ्या उचलून भेटवस्तू, एक फेर गरबा आणि शेवटी फराळ. एका वर्षी मी अंताक्षरी आणि भेटवस्तू यांच्यामध्ये ‘मोकळा वेळ, १० मिनिटे’ असे लिहिले होते. आचार्यबाईंनी चष्मा वर सरकवून त्या ओळीवर बोट ठेवले आणि अगदी सहज विचारले, “बेन, आ दस मिनिटमां शुं राखीशुं?” त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण अर्ध्या मिनिटाच्या आत संगीतखुर्ची सुचवली ती मीच. त्या संगीतखुर्चीत भूगोलाच्या सरांचा गुडघा दुखावला आणि सुट्टीचा पहिला आठवडा त्यांनी शेकत काढला.

तरीही या दिवाळीमिलनात मन रमते ते फराळाच्या टेबलापाशी. प्रत्येकाने घरून एक डबा आणायचा असा रिवाज असल्यामुळे मठिया, चोराफळी, सुंवाळी आणि बडोद्याचा तो प्रसिद्ध ओलसर लीलो चेवडो यांच्या शेजारी आम्हा तिघी-चौघींच्या चकल्या, अनारसे आणि करंज्या मांडल्या जातात. दरवर्षीचा ठरलेला वाद करंजी आणि घूघरा यांच्यावरून होतो. आमच्या संस्कृतच्या बेन करंजी उचलून तिची कातणीने कापलेली कड सगळ्यांना दाखवतात आणि हा आळशी बाईचा घूघरा आहे असे जाहीर करतात. त्यांच्या घूघऱ्याची कड खरोखरच पाहण्यासारखी असते: अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत पारी दाबायची, तिची इवलीशी घडी स्वतःवर वळवायची, लगेच पुढची चिमट घ्यायची, अशा घड्यांची ती कांगरी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरीच्या पिळासारखी जाते. मी गप्प बसते, कारण माझ्या सासूबाई अगदी अशीच मुरड घालतात आणि कातण हे त्यांच्याही मते आळशीपणाचेच हत्यार आहे.

याच बेन दरवर्षी चार वडे वेगळे बांधून आणतात. काळी चौदशीच्या दिवशी गुजराती घरांतून ‘ककळाट’ काढतात, म्हणजे घरातली बाई चार रस्ते मिळतात तिथे जाऊन वडे ठेवते, त्यांच्याभोवती पाण्याचे वर्तुळ काढते आणि मागे न पाहता परत येते. घरातली भांडणे, कटकट त्या वर्तुळातच राहते अशी समजूत आहे. त्याच तिथीला आमच्याकडे नरकचतुर्दशी असते आणि आम्ही पहाटे पायाच्या अंगठ्याखाली कारिट फोडत असतो. स्टाफरूमला स्वतःची काळी चौदस नसल्यामुळे बेन तिचा ककळाट काही दिवस आधीच, जिना आणि व्हरांडा जिथे मिळतात त्या कोपऱ्यावर काढून टाकतात. वेळापत्रकावरून वर्षभर एकमेकांशी धड न बोलणारे दोन शिक्षक त्या वेळी पाण्याचा तांब्या धरायला मात्र हमखास हजर असतात. वडे कावळे नेतात, आणि वेळापत्रकाचा वाद जिथे सोडला होता तिथून नोव्हेंबरात पुढे सुरू होतो.

त्यानंतरच्या २१ दिवसांत निवांतपणा मिळेल अशी आशा मी नोकरीच्या पहिल्या वर्षी बाळगली होती. पण पहिल्या सत्राच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरी येतात, माळ्यावरची पितळेची भांडी खाली उतरतात, आणि बडोद्यात राहणाऱ्या मराठी घराला दोन दिवाळ्या साजऱ्या कराव्या लागतात: एक आपल्या पद्धतीची, अभ्यंगस्नानाची आणि भाऊबिजेची, आणि दुसरी शेजाऱ्यापाजाऱ्यांची, जिच्यात कार्तिक प्रतिपदेला नवे वर्ष उजाडते, पहाटेच्या अंधारात ‘सबरस, सबरस’ अशी आरोळी देत मीठ विकणारे गल्लीत येतात आणि सकाळपासून ‘साल मुबारक’ म्हणणाऱ्यांची रीघ लागते. या दोन्ही दिवाळ्यांच्या बेचक्यात मला एक दिवस सापडला, त्याची ही हकीकत आहे.

लक्ष्मीपूजन संध्याकाळी अमावास्या असेल त्या दिवशी करायचे आणि नवे वर्ष मात्र सूर्योदयाला प्रतिपदा असेल त्या दिवशी सुरू करायचे, असा नियम आहे. तिथी काही घड्याळाच्या २४ तासांची नसते. ती सुमारे १९ तासांपासून २६ तासांपर्यंत कमीजास्त होते. अमावास्या दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयानंतरही उरली, की तो दिवस ना दिवाळीचा राहतो ना पाडव्याचा. गुजरातीत त्याला ‘पडतर’, म्हणजे पडीक, दिवस म्हणतात, आणि बोलताना ‘धोको’. धोको म्हणजे धुणे बडवायचे धोपटणे. त्याचा या दिवसाशी काय संबंध, हे मला कोणी पटेलसे सांगितलेले नाही. सून म्हणून या शहरात आले तेव्हा शेजारीण जिन्यातून ओरडून “काले तो धोको छे!” असे म्हणाली आणि मी घाबरून दाराला कडी घातली होती. मराठीत या दिवसाला ‘भाकड दिवस’ म्हणतात. दूध देत नाही म्हणून गाईला लावायचे विशेषण आपण दिवसालाही लावून मोकळे झालो आहोत, आणि इथे मला गुजराती शब्द अधिक भला वाटतो, कारण पडतर ठेवलेल्या जमिनीवर निदान कोणी रागावत तरी नाही.

२०२२ मध्ये २४ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन झाले आणि २५ तारखेला धोको आला, तो सूर्यग्रहण घेऊन. सासूबाईंनी पहाटेपासून वेध पाळले. फराळाच्या डब्यांवर तुळशीची पाने ठेवली गेली, शेगडी पेटली नाही, देवघराला पडदा लागला, आणि ग्रहणाच्या दिवशी कोणी कोणाकडे जात नसल्यामुळे दाराची घंटाही वाजली नाही. उत्तरपत्रिकांना हात लावू का, असे मी विचारले तर त्याही नकोत म्हणाल्या. ग्रहणात लाल शाई वापरू नये असे काही शास्त्र असावे असे मला वाटत नाही, पण मी उलट विचारले नाही.

दांडियाबाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या पश्चिमेकडच्या खिडकीला लाकडी झडप आहे आणि त्या झडपेत गाठ निखळून पडलेले एक भोक आहे. एरवी दुपारच्या वेळी त्यातून येणारा कवडसा समोरच्या भिंतीवर वाटोळा पडतो. त्या दिवशी साडेचार वाजून गेल्यावर त्या कवडशाची एक कड बसल्यासारखी दिसू लागली, आणि पाहता पाहता तो नानकटाईचा कोणी घास घेतल्यासारखा झाला. ग्रहणाकडे थेट पाहायचे नाही एवढे मी मुलांना शिकवतेच. इथे तर सूर्य स्वतःच भोकातून आत येऊन भिंतीवर उमटला होता. सूर्य खाली उतरत होता तसा तो कवडसा भिंतीवर वर सरकत होता: आधी स्विचच्या पाटीपाशी, मग सासऱ्यांच्या फोटोच्या चौकटीपाशी, मग दिवाळीसाठी दिलेल्या नव्या चुन्याच्या कोऱ्या भागावर. सासूबाई माळ ओढत होत्या, पण त्यांचे मणी कितीतरी वेळ एकाच जागी होते. त्याही भिंतीकडेच पाहत होत्या. सूर्य ग्रस्त असतानाच मावळला आणि सहाच्या सुमारास कवडसा फिकट होऊन निघून गेला. तासभराहून अधिक वेळ आम्ही दोघी एका खोलीत एक शब्दही न बोलता बसलो होतो, आणि ते आम्हा दोघींच्याही लक्षात दिवा लावल्यावर आले.

पुढच्या वर्षी, १३ नोव्हेंबर २०२३ ला, पुन्हा धोको आला. मी तो हेरून ठेवला होता, आणि शांत बसण्याच्या निश्चयाने सुरसागर तलावाच्या काठावर जाऊन बसले. पण निश्चय करून बसल्यावर जे होते तेच झाले, आणि किती वेळ शांत बसून झाले हे पाहण्यासाठी मी पंधरा मिनिटांत चार वेळा घड्याळ पाहिले.

त्यानंतरच्या दोन्ही वर्षी तर त्या दिवसावर चक्क प्रॉक्सी लागली. २०२४ मध्ये शेजाऱ्यांची दिवाळी ३१ ऑक्टोबरला आणि महाराष्ट्रातून आलेल्या आमच्या भिंतीवरच्या पंचांगात लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला. २०२५ मध्ये त्यांचे २० ऑक्टोबरला आणि आमचे २१ ला. नवे वर्ष आणि पाडवा मात्र दोघांचाही एकाच दिवशी. म्हणजे इतरांचा जो धोको, त्याच चौकटीत आमच्याकडे पूजा, झेंडूची तोरणे, लाह्या-बत्तासे आणि हिशेबाची वही येऊन बसली. आदल्या संध्याकाळी शेजारधर्म म्हणून पणत्या लावल्या होत्या, त्या दुसऱ्या दिवशी धर्म म्हणून पुन्हा लावल्या. खुद्द लक्ष्मीच रजिस्टर घेऊन दारात उभी राहिल्यावर सहीला नकार कोण देणार?

यंदाचे पंचांग हाती पडल्याबरोबर मी आधी नोव्हेंबरचे पान काढले. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारी आहे, आणि पाडवा १० तारखेला. या वेळी आमचे आणि शेजाऱ्यांचे एकमत आहे. म्हणजे ९ नोव्हेंबर, सोमवार, हा दोन्ही बाजूंनी निर्विवाद पडतर दिवस आहे. ही बातमी मी स्टाफरूममध्ये संस्कृतच्या बेनना सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या की आपण त्या दिवशी सगळ्या बायका मिळून कुठेतरी जाऊ या, आणि मी त्यांना इतक्या जोरात “ना” म्हटले की शेजारच्या टेबलावरचे भूगोलाचे सर गुडघा सांभाळत उठून उभे राहिले.

घरी येऊन तो दिवस पुन्हा एकदा डोळे भरून पाहावा म्हणून मी पान उलटले, तर ९ तारखेच्या चौकटीत कोणीतरी पेन्सिलीने बारीक अक्षरात ‘गच्चीवरची टाकी धुणे’ असे लिहून ठेवलेले दिसले. सासूबाईंना विचारावे म्हणून मी पंचांग खिळ्यावरून काढून चष्मा लावला. अक्षर माझेच होते.