इकोमाचा गणपती आणि कुलूपबंद नवस : ओसाकाहून अर्ध्या दिवसाची ट्रिप

ओसाकात किल्ला आणि दोतोनबोरी उरकलं असेल तर अर्धा दिवस काढून इकोमा गावच्या होझानजी या बौद्ध देवळाला जाच. ओसाका नाम्बाहून किन्तेत्सु नारा लाइनने वीसेक मिनिटांत इकोमा, बाहेर पडलं की जवळच तोरिइमाए स्टेशन, तिथून केबल कार. १९१८ची आहे, जपानमधली पहिली, आणि डबे बुलडॉग नि मांजराच्या तोंडाचे, त्यामुळे पोरं खूश. वर उतरल्यावर मात्र बऱ्याच पायऱ्या आहेत, गुडघेवाल्यांनी सावकाश.

इथला देव कांगितेन म्हणजे आपला गणपतीच, बौद्ध धर्माबरोबर तिकडे पोचलेला. पण मूर्ती कोणालाच दाखवत नाहीत, त्यामुळे गाभाऱ्यात डोकावायची हौस घरीच ठेवा. जिकडेतिकडे मुळ्याची जोडी आणि पैशाची थैली दिसते, ती त्याचीच खूण.

खरं बघायचं ते एमा, म्हणजे नवसाच्या लाकडी पाट्या. बाकी देवळांत पाटीवर मागणं असतं, परीक्षा पास होऊ दे, लग्न जमू दे. इथे एक वेगळाच प्रकार आहे, मनासाठीचं जपानी अक्षर आणि त्यावर चक्क कुलूप, आणि बाजूला काय सोडलं ते हाताने लिहायचं, दारू, सिगारेट, जुगार, आणि किती दिवसांसाठी तेही. मोबाइल धरून भाषांतर करत बसलो, एकावर पाचिंको (गोळ्यांच्या मशीनवरचा जपानी जुगार) होतं, मुदत तीन वर्षं, नावाच्या जागी नुसतं ‘बैलाच्या वर्षी जन्मलेला पुरुष’ (तिकडे वर्षांना प्राण्यांची नावं असतात). आपल्याकडे काशीला जाऊन आवडती भाजी सोडतात ना, तसंच, फक्त इथे मुदत संपली की सुटका, आणि मला तरी हे जास्त प्रामाणिक वाटलं. बायकोने तिथल्या तिथे विचारलं, तू काय सोडतोस? मी म्हटलं आधी चहा पिऊ.

पाटी लिहायची असेल तर मराठीत लिहा, बिनधास्त, पण आजन्म वगैरे लिहू नका, झेपेल तेवढंच. सुटे येन जवळ ठेवा. लोकांच्या पाट्यांचे नाव दिसेल असे फोटो इन्स्टावर टाकू नका, शेवटी कोणाचं तरी घरचं दुखणं असतं ते. दर महिन्याच्या एक आणि सोळा तारखेला उत्सव, तेव्हा गर्दी.

पुढे क्योतो असेल तर तिथल्या गिओन भागात कामेया कियोनागा या मिठाईच्या दुकानात या देवाचा नैवेद्य विकत मिळतो, दुकान १६१७चं. थैलीच्या आकाराचा, तिळाच्या तेलात तळलेला, मोदकाचा भाऊच म्हणा, पण आत चंदन-लवंगेचा वास. तसाच खाल्लात तर दात शाबूत राहायची गॅरंटी नाही, टोस्टरमध्ये थोडा गरम करून घ्या.